लॅपटॉप परत सरकवणाऱ्या दादांना

दादा, नाव लिहिलेलं तुम्हाला चालणार नाही म्हणून लिहीत नाही, वाचाल तेव्हा कळेलच.

वाडीच्या ट्रान्सपोर्टवाल्याचं ते नोडचं (सर्व्हरवर जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या साधनाचं) ॲप संध्याकाळी पार्ट्यांना बिलांच्या पीडीएफ पाठवायचं आणि मोठ्या पार्ट्यांना तेच बिल दोनदा जायचं. त्यावरून काय भांडणं होतात ते त्या मालकालाच विचारा. ज्या एजन्सीनं बुलएमक्यू (कामं रांगेत लावून करून घेणारी लायब्ररी) आणि रेडिस (ती रांग जिथं साठते तो डेटाबेस) बसवून दिलं त्यांचं एकच पालुपद, सर्व्हर मोठा घ्या. घेतला, तरी तेच. ॲपचा लॉग, म्हणजे काय काय घडलं त्याची नोंद, पाठवला तर तो उघडलाही नाही, स्वतःचं बिल मात्र टायमावर!

तुम्ही आलात, कूलरसमोर खुर्ची ओढली, मी लॅपटॉप तुमच्याकडं सरकवला तर तुम्ही तो परत माझ्याकडं सरकवला. "तूच चालव, मी वाचून राहिलो ना." दादा, बाकी सगळं एकीकडे आणि हे एकीकडे. आतापर्यंत जो आला त्यानं कीबोर्ड ओढला, खटाखट काहीतरी केलं आणि 'तुला नाही समजणार' असं तोंड करून गेला.

लॉगमध्ये 'मिसिंग लॉक' कधीचं पडून होतं, तुम्ही त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, मोठ्या पार्टीचं बिल बनायला वेळ किती? तीस सेकंदांच्या वर. झालं, सापडलं. जॉब, म्हणजे रांगेतलं एक काम, उचलला की वर्करचं, म्हणजे तो जॉब करणाऱ्या प्रोग्रॅमचं, त्यावर तीस सेकंदांचं लॉक, 'हे माझ्याकडं आहे' अशी खूण, असतं आणि तो ते मधूनमधून वाढवत राहतो, पण इव्हेंट लूप, म्हणजे नोडचं एकामागून एक काम हातात घेणारं चक्र, तेच पीडीएफमध्ये अडकलं तर वाढवणार कोण, मग बुलएमक्यूला वाटतं हा गेला आणि जॉब दुसऱ्या वर्करकडे, पहिला तर जिवंतच, दोघंही बिल पाठवून मोकळे. सर्व्हरचे कोर वाढवून काय होणार होतं, जावास्क्रिप्टचा थ्रेड, म्हणजे कोड चालवणारा धागा, एकच ना! पीडीएफचा कोड वेगळ्या फाईलीत काढून चाइल्ड प्रोसेसमध्ये, म्हणजे बाजूला वेगळ्या चालणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, टाकला, म्हणजे लूप मोकळा राहून लॉक वाढवत राहील, तेही मीच टाइप केलं, तुम्ही नुसतं "हं, पुढं".

ज्याला येतं त्यानं समोरच्याला लहान न करता शिकवावं, एवढं साधं असतं, पण किती कमी लोकांना जमते. डिग्र्या आहेत, ऑफिसं आहेत, माणुसकीचं बघा.

पैशाचं विचारलं तर म्हणालात तर्री पोहे खाऊ, आणि त्याचेही पैसे तुम्हीच दिले. हे काही बरोबर नाही दादा, पुढच्या वेळी काउंटरवर मी आधी जाणार.