काटकसर तेलात करावी, डाळीत नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या रविवार पुरवणीतील आहारविषयक लेख मी नेमाने वाचते. त्यांतील सल्ला बहुतेक वेळा योग्यच असतो. मात्र ऑलिव्हचे तेल, क्विनोआ, बदामाचे दूध, ॲव्होकॅडो अशा जिनसांची यादी वाचली, की घराचा हप्ता, शाळेची फी, वीजबिल आणि गॅस वजा जाता उरलेल्या रकमेत महिना काढणाऱ्या कुटुंबाला प्रकृती सांभाळणे हा श्रीमंतांचा छंद वाटू लागतो. दुसरीकडे, ‘साधे खा, पैसेही वाचतील आणि तब्येतही सुधारेल’ असे सांगणारी मंडळीही कमी नाहीत. तेही अर्धेच खरे आहे. काटकसर आणि आरोग्य काही अंतरापर्यंत हातात हात घालून चालतात आणि त्यापुढे त्यांचे पटत नाही. ते नेमके कोठे बिनसते, याविषयी सोलापुरातील एका पाच माणसांच्या घराचा जमाखर्च सांभाळणारी गृहिणी म्हणून चार गोष्टी मांडाव्यात, असे वाटले.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दिवसाला २००० कॅलरी लागणाऱ्या माणसासाठी तिने धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, शेंगदाण्यासारखा सुकामेवा आणि तेलबिया ३५ ग्रॅम, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण सांगितले आहे. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत असावे आणि साखर २० ते २५ ग्रॅमच्या वर जाऊ नये, असेही त्यात आहे. बातम्यांत हे आकडे येऊन गेले. परंतु ग्रॅममधला आकडा स्वयंपाकघरात कोणाच्याही कामाचा नसतो. आम्ही वाणसामान किलोने आणि महिन्याने भरतो. म्हणून या आकड्यांना तीसने आणि घरातील माणसांच्या संख्येने गुणून पाहावे. लहान मुले, म्हातारी माणसे, अंगमेहनत करणारे यांची गरज वेगवेगळी असते हे मान्य. पण ढोबळ अंदाजाला हा हिशेब पुरेसा आहे.

पाच माणसांना महिन्याला तेल-तूप मिळून सुमारे चार किलो पुरायला हवे. म्हणजे पंधरा किलोचा तेलाचा डबा साडेतीन महिन्यांहून थोडा अधिक चालला पाहिजे. आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत तो दोन महिन्यांत तळ गाठतो. मिठाचा एक किलोचा पुडा सहा आठवडे पुरायला हवा, तो त्याआधीच संपत असेल तर मीठ जास्त होते आहे, आणि पापड-लोणच्यातील व बाहेरच्या फरसाणातील मीठ वेगळेच. साखरेचा हिशेब पावणेचार किलोपर्यंत जातो, मात्र बिस्किटे, सरबते, केचप यांतून पोटात जाणारी साखरही त्यातच धरायची आहे. रक्त न देता घरबसल्या करता येणारी आरोग्यतपासणी म्हणजे किराणा दुकानाची वही, असे मी म्हणेन.

या तीन वस्तूंपुरते पैसे वाचवणे आणि प्रकृती सांभाळणे हे एकच काम आहे. त्यासाठी फार काही करावे लागत नाही. एक तारखेला महिन्याचे तेल एका बरणीत वेगळे काढायचे आणि फोडणीसाठी पळीऐवजी पोह्याचा चमचा वापरायचा. भाजी चिकटते म्हणून तेल ओतण्याआधी पाण्याचा हबका देऊन झाकण ठेवायचे. बरणीतील पातळी पंधरा तारखेला अर्ध्याच्या खाली गेलेली दिसली, की पुढच्या पंधरवड्यात भजी नाहीत, हे घरात कोणाला वेगळे सांगावे लागत नाही. तेल घेताना पिशवीवरचे वजनही वाचावे, असे येथे जाता जाता सुचवते. एक लिटर तेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते, पण हल्ली दिसायला तेवढ्याच आकाराच्या पिशव्या आठशे, साडेआठशे ग्रॅमच्याही येतात आणि स्वस्त वाटलेली पिशवी हिशेबाला महाग पडते. तळणीचे उरलेले तेल पुन्हा पुन्हा तापवून संपवणे ही मात्र काटकसर नव्हे. वारंवार तापलेल्या तेलात अपायकारक घटक वाढत जातात, म्हणूनच अन्न सुरक्षा प्राधिकरणाने हॉटेलांना व खाद्यपदार्थ विक्रेत्यांना त्याची मर्यादा घालून दिली आहे.

येथपर्यंत सारे सुरळीत आहे. अडचण पुढे आहे. तोच गुणाकार डाळींना लावला, तर पाच माणसांना महिन्याला पावणेतेरा किलो डाळी आणि कडधान्ये लागतात. मध्यमवर्गीय घराच्या यादीत चार-पाच किलो तूरडाळ, किलो-दोन किलो मूग-मटकी आणि थोडी हरभराडाळ यांच्यापुढे सहसा काही नसते. दुधाचा हिशेब रोज दीड लिटर, भाज्यांचा रोज दोन किलो आणि फळांचा रोज अर्धा किलो येतो. येथे मार्गदर्शिका पाळायची म्हणजे खर्च वाढवणेच आहे, आणि तो वाढतो हे कोणीही आडपडदा न ठेवता सांगितले पाहिजे. तेल-साखरेत वाचलेल्या पैशाने ही सगळी वाढ भरून निघत नाही. काही प्रमाणात निघते, ती कशी, एवढेच सांगता येते.

तूरडाळीचे भाव चढले की आम्ही आमटी पातळ करतो, आणि हीच काटकसर मला सर्वांत घातक वाटते. त्याऐवजी आठवड्यातील दोन-तीन दिवस तुरीला सुट्टी देऊन हरभराडाळ, हुलगे (कुळीथ), चवळी, मटकी यांच्याकडे वळणे शहाणपणाचे आहे. हुलग्याचे माडगे, म्हणजे त्याच्या पिठाची पातळ पेज, आमच्या भागात थंडीच्या दिवसांत घरोघरी होत असे, आता ते मुलांना सवय नाही म्हणून मागे पडले आहे. सोयाबीनच्या वड्यांत वजनाच्या जवळजवळ निम्मी प्रथिने असतात आणि किमतीच्या मानाने एवढी प्रथिने देणारा पदार्थ किराणा दुकानात दुसरा क्वचितच सापडेल. ज्यांना चालते त्यांच्यासाठी अंडे आहेच, एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम प्रथिने मिळतात. व्यायामशाळेत जाणाऱ्या तरुण मुलांनी पावडरीच्या डब्यावर पैसे घालण्यापूर्वी हा हिशेब एकदा आईकडून करून घ्यावा. भाज्यांच्या बाबतीत लक्ष्मी मंडईत संध्याकाळी उशिरा गेले, की शेपू, चाकवत, अंबाडी, तांदुळसा यांच्या जुड्या सकाळच्या मानाने बऱ्याच उतरलेल्या भावात मिळतात. निवडायला मात्र तासभर जातो आणि तो तास कोणाचा, हा प्रश्न कोणत्याही अंदाजपत्रकात येत नाही.

ज्वारीचा उल्लेख केल्याशिवाय सोलापूरच्या वाचकाचे पत्र पुरे होणार नाही. २०२३ हे वर्ष आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि भाकरीला प्रतिष्ठा मिळाली, याचा आनंदच आहे. परंतु भौगोलिक मानांकन मिळालेली मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी जेथून येते, त्या जिल्ह्यातही ज्वारी आता गव्हापेक्षा महाग झाली आहे. शेतकऱ्याला दोन पैसे अधिक मिळत असतील तर त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. मात्र ‘स्वस्त आणि पौष्टिक ज्वारी’ असे लिहिणाऱ्यांनी एकदा दुकानात भाव विचारून यावे.

खर्चात कपात करायची वेळ आली की ती घरात कोणाच्या ताटातून होते, हेही पाहिले पाहिजे. मुलांचे दूध कमी होत नाही, सासूबाईंचे फळ कमी होत नाही, डबा घेऊन जाणाऱ्याची भाजी कमी होत नाही. शेवटी जेवायला बसणारी बाई उरलेल्या भाजीत भागवते आणि त्यालाच घरकाम चोख करणे समजले जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला, आणि ते प्रमाण आधीच्या फेरीपेक्षा वाढलेले होते. यावर अळीव, गूळ आणि खजूर यांचेच सल्ले दिले जातात. त्यातला गूळ शेवटी साखरेच्याच हिशेबात येतो. बिनखर्चाच्या किंवा जवळजवळ बिनखर्चाच्या दोन गोष्टी मात्र फार कमी ठिकाणी छापून येतात. पालेभाजी-उसळीवर लिंबू पिळल्याने त्यातील लोह अंगी लागण्यास मदत होते, आणि जेवणाला जोडून घेतलेला चहा त्यात अडथळा आणतो, म्हणून तो तासभर पुढे ढकलावा. दुपारच्या जेवणानंतर लगेच चहा टाकण्याची आपल्याकडची रीत पाहता हा बदल सोपा नाही, याची मला कल्पना आहे.

आता ज्या खर्चाची नोंद वहीत होतच नाही, त्याविषयी. केंद्र सरकारच्या २०२३-२४ च्या घरगुती उपभोग खर्च सर्वेक्षणानुसार शहरी कुटुंबांच्या मासिक खर्चात पेये, तयार खाणे आणि प्रक्रिया केलेले पदार्थ यांचा वाटा सुमारे ११ टक्के आहे, तर तृणधान्यांचा ४ टक्क्यांहूनही कमी. म्हणजे गहू-तांदूळ-ज्वारी मिळून जेवढा पैसा लागतो, त्याच्या दुपटीहून अधिक पैसा चहाच्या टपरीवर, वड्याच्या गाडीवर आणि पाकिटांवर जातो. पूर्वी खिशातली नोट मोडावी लागत असे, तेवढा एक अटकाव होता. आता वीस रुपये मोबाइलवरून जातात आणि विसरले जातात. महिनाअखेरीस मोबाइलमधील व्यवहारांची यादी काढून त्यातील शंभर रुपयांखालच्या रकमांची बेरीज करावी. बहुतेक घरांत ती बेरीज दुधाच्या बिलाच्या जवळपास जाईल, असा माझा अंदाज आहे.

शासनाचे धोरणही येथे मदतीला येत नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तू व सेवा कराचे दर बदलले. वैयक्तिक आरोग्य विम्याच्या हप्त्यावरील १८ टक्के कर गेला, हे स्वागतार्ह झाले. परंतु त्याच फेरबदलात बिस्किटांवरील कर १८ टक्क्यांवरून आणि पाकीटबंद फरसाणावरील १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ताज्या भाज्यांवर आणि सुट्या डाळींवर आधीपासूनच कर नसल्याने त्या स्वस्त होण्याचा प्रश्न नव्हता. एकीकडे पंतप्रधानांनी तेलाचा वापर दहा टक्क्यांनी कमी करण्याचे आवाहन करायचे आणि दुसरीकडे तळलेल्या पाकिटांवरील कर उतरवायचा, या विसंगतीवर आपण अग्रलेख लिहावा, अशी माझी विनंती आहे.

औषधांबाबत थोडक्यात लिहिते. रक्तदाब आणि मधुमेह असलेल्या एका ज्येष्ठ माणसाच्या गोळ्या हा आता घराघरातला कायमचा खर्च झाला आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण रुग्णालयात दाखल झाल्यावर उपयोगी पडते. रोजच्या गोळ्यांचा भार घरानेच उचलायचा असतो. जनऔषधी केंद्रांत त्याच घटकांच्या गोळ्या बाजारातील नामांकित कंपन्यांच्या तुलनेत ५० ते ९० टक्क्यांनी स्वस्त मिळतात, असे शासन सांगते, आणि आमचा अनुभवही त्याच्याशी जुळतो. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून देण्याची विनंती डॉक्टरांना करायला संकोचू नये. मात्र परस्पर गोळी बदलू नये किंवा पैसे वाचवण्यासाठी एक दिवसाआड घेऊ नये. तशी काटकसर करणारी माणसे माझ्या परिचयात आहेत. आमच्या गल्लीतील भिशीत यंदापासून प्रत्येकीने आपला नंबर लागल्यावर आधी स्वतःची रक्ततपासणी करून घ्यायची, असे ठरले आहे. भांडी आणि साड्या त्यानंतर.

व्यायामाचा खर्च हा खरे तर विषयच होऊ नये. आठवड्याला दीडशे मिनिटे भरभर चालणे जागतिक आरोग्य संघटनेला पुरेसे वाटते आणि सिद्धेश्वर तलावाच्या काठी चालायला कोणी पैसे मागत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार असताना पहाटेखेरीज ते शक्य नसते, आणि पहाटे अंधाऱ्या रस्त्यावर बायकांनी एकटीने कसे जावे, याचे उत्तर वर्गणी घेणाऱ्या व्यायामशाळेकडे असते, तलावाकडे नसते.

आपल्या पुरवणीकडून माझ्या अपेक्षा फार नाहीत. बाजार समितीचे घाऊक भाव अनेक वर्तमानपत्रे क्विंटलमध्ये छापतात. त्यांच्याच शेजारी आठवड्यातून एकदा मंडईतील किरकोळ भाव किलोत आणि जुडीत द्यावेत, अंड्याचा आणि चार-पाच डाळींचा भावही त्यात असावा. पाककृती छापताना ती पाच माणसांसाठी किती रुपयांत होते आणि तिला किती चमचे तेल लागते, या दोन ओळी खाली जोडाव्यात. या सदरासाठी मंडईतील भाव दर शनिवारी कळवण्याची माझी तयारी आहे.

कळावे, लोभ असावा.

आपली नियमित वाचक,
एक गृहिणी, सोलापूर