बीटा-एचसीजी वाढला म्हणजे आजार उलटलाच असे नाही

महोदय,

वृषणाच्या कर्करोगाचे उपचार संपल्यावरही काही वर्षे एएफपी, बीटा-एचसीजी आणि एलडीएच या मार्करच्या (गाठीमुळे रक्तात वाढू शकणाऱ्या पदार्थांच्या) तपासण्या ठरावीक अंतराने कराव्या लागतात. रिपोर्टमध्ये एखादा आकडा ठळक छापून आला, की घरचे हादरतात आणि लगेच केमोची चर्चा सुरू होते. तिथेच जरा थांबायला हवे.

सर्वांत फसवा बीटा-एचसीजी. शस्त्रक्रिया किंवा केमोनंतर टेस्टोस्टेरॉन कमी पडले, की मेंदूतली पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी एलएच, म्हणजे वृषणाला टेस्टोस्टेरॉन बनवायला लावणारे संप्रेरक, जोराने सोडू लागते. एलएच आणि एचसीजीची ठेवण इतकी सारखी, की तपासणीचे काही किट एलएचलाच एचसीजी समजून मोजतात. शिवाय पीयूषिका स्वतःही थोडा एचसीजी तयार करते. मग आकडा चार-पाचच्या आसपास घुटमळतो, चढत मात्र नाही. अशा वेळी त्याच नमुन्यात एलएच आणि टेस्टोस्टेरॉन पाहावे. एलएच वाढलेला असेल तर टेस्टोस्टेरॉनचे इंजेक्शन देऊन एक-दोन आठवड्यांनी एचसीजी पुन्हा तपासतात. तो उतरला तर उगम पीयूषिकेत. नाही उतरला तर शोध चालू ठेवायचा. रक्तातली काही प्रतिपिंडेही किटला चकवतात. ती मोठी असल्याने लघवीत उतरत नाहीत. रक्तात बऱ्यापैकी आकडा आणि लघवीत काहीच नाही, असे दिसले तर नमुना दुसऱ्या कंपनीच्या किटवर लावावा.

एएफपी कावीळ, दारू किंवा केमोने दुखावलेल्या यकृतामुळेही वाढतो. काहींचा तो जन्मापासूनच थोडा जास्त असतो. १५-२० नॅनोग्रॅमवर स्थिर राहिलेल्या एएफपीसाठी केमो देऊ नये. एकक बघा: १० आययू (आंतरराष्ट्रीय एकक) एएफपी म्हणजे सुमारे १२ नॅनोग्रॅम. प्रयोगशाळा बदलली, की नुसत्या एककाने ‘वाढ’ दिसते! एलडीएच तर नमुन्यातल्या लाल पेशी फुटल्या तरी चढतो. एकट्या त्याच्यावर काही ठरवू नये.

उलट फसगतही होते. केस गळतात म्हणून घेतलेल्या बायोटिनच्या जास्त मात्रेच्या गोळ्यांमुळे काही किटवर एचसीजी आणि एएफपी खोटे कमी येतात. रक्त देण्याआधी निदान तीन दिवस त्या बंद ठेवाव्यात. आणि मार्कर नॉर्मल आले म्हणून ठरलेला सीटी स्कॅन टाळू नये, कारण सगळ्याच गाठी मार्कर सोडत नाहीत.

प्रयोगशाळांनी किटचे नाव आणि एकक रिपोर्टवर ठळक छापावे, एवढी विनंती.

– एक पॅथॉलॉजिस्ट, कोल्हापूर