अण्णांस, पावतीसह

ती. अण्णा,
सा. न.

हे पत्र टपालाने घरी पाठवलं असतं, तर तुम्ही ते वाचून ट्रंकेत ठेवलं असतंत आणि कुणाला पत्ता लागला नसता. म्हणून चारचौघांत लिहितोय. राग आला तर रविवारी बैठकीत बोला.

चिपळुणातलं आपलं केमिस्ट मंडळ म्हणजे लोट्याच्या एमआयडीसीतले आम्ही क्यूसीवाले (म्हणजे मालाचा दर्जा तपासणारे), कॉलेजातले सर-मॅडम आणि दोन-तीन फार्मसीवाले. महिन्यातून एकदा जमायचं, एकाने विषय मांडायचा, बाकीच्यांनी वडे खात शंका काढायच्या. २ ऑगस्टला रसायनशास्त्रज्ञ आचार्य प्रफुल्लचंद्र राय यांची जयंती, तेव्हा शाळांतून प्रयोग. फलकावर नावं आमची. पण कोकमाच्या आगळात सोडा टाकल्यावर लालाचा हिरवट होणारा रंग शेवटच्या बाकावरच्या पोराला दिसायचा, तर आगळ किती पातळ हवं, हे ठरवायचे तुम्ही. आम्ही एमएस्सी लोकांनी ते एकदा परस्पर केलं होतं. काळं पाणी झालं नुसतं.

खरं लिहायचंय ते २०२१ च्या पुराचं. २२ जुलैला वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली आणि मंडळाच्या खोलीतलं रसायनांचं कपाट गळ्यापर्यंत बुडालं. पाणी ओसरल्यावर दार उघडलं, तर आत गाळ आणि लेबलं धुऊन गेलेल्या बाटल्या. रंगावरून, खड्यांवरून आम्ही ओळखायला निघालो होतो. तुम्ही हातातली बाटली काढून घेतलीत आणि म्हणालात, "नाव नाही ती बाटली वापरायची नाही." मग ती उलटी केलीत. बुडाशी लाल नेलपॉलिशने आकडा! प्रत्येक बाटलीच्या बुडाशी. त्या आकड्यांची वही तुमच्या घरी माळ्यावर, कोरडी ठणठणीत. हे उद्योग तुम्ही कधी केलेत, कुणाला माहीत नव्हतं. थायोसल्फेट, आयोडाइड आणि डायक्रोमेट, म्हणजे क्लोरीन मोजायला लागणारी रसायनं, अशी सापडली. बुचांना मेण लावून ठेवल्यामुळे आत थेंब गेला नव्हता.

तोवर विहिरी शुद्ध करायला टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरीच्या, गोण्या आल्या होत्या. मला त्यात काही वावगं दिसलं नाही. तुम्ही चिमूट उचलून हुंगलीत आणि मान हलवलीत. ब्लीचिंग पावडर दमट जागी राहिली की तिच्यातला क्लोरीन उडून जातो, हे मी इंटरव्ह्यूत सांगून नोकरी मिळवलेला माणूस. पण तपासायचं सुचलं तुम्हाला.

पावडरीचं वजन सोनाराच्या काट्यावर केलं. पावडरीतला क्लोरीन आयोडाइडमधून आयोडीन मोकळं करतो, आणि ते संपवायला थायोसल्फेट किती लागलं त्यावरून क्लोरीन कळतो. आयोडीन संपल्याचं रंगावरून दाखवायला स्टार्च नव्हता, तर काकूंनी उकड्या तांदळाची पेज करून, गाळून, कीटलीतून पाठवली. ब्युरेटमधून, म्हणजे मापाच्या उभ्या नळीतून, थायोसल्फेट पडत गेलं, आयोडीनचा तपकिरी रंग गवताच्या काडीसारखा फिकट झाला, तेव्हा तुम्ही पेजेचे थेंब सोडलेत. गडद निळा. अजून दोन थेंब, आणि निळा गायब. तीन वेळा केलंत, तीनही वेळा तेच. ताज्या पावडरीत क्लोरीन ३३ टक्क्यांच्या आसपास असतो. या गोणीत त्याच्या निम्माच उरला होता. म्हणजे एरवी १००० लिटरला अडीच ग्रॅम घालतात तिथे पाच हवी. नाहीतर लोक निर्धास्तपणे तेच पाणी प्यायले असते.

पुढचे आठ-दहा दिवस तुम्ही दोर आणि बादली घेऊन आळीआळीत फिरलात. आधी उपसा, मग विहिरीचा व्यास, पाण्याची खोली, लिटरचा हिशेब, पावडर, तासभर थांबणं, ओटीचे (पाण्यात क्लोरीन उरला असेल तर पिवळा रंग देणाऱ्या ऑर्थोटोलिडिनचे) थेंब. नळीत पिवळा रंग दिसला की पुढची विहीर. एका आजींनी विचारलं, "पाण्याला वास येतोय तो?" तुम्ही सांगितलंत, "येऊ दे आजी, तो आहे म्हणून मी निघालो."

त्या वर्षीची २ ऑगस्ट आचार्यांची १६० वी जयंती. कार्यक्रम कसला, आपण एका विहिरीच्या कठड्यावर बसलो होतो. १९२२ साली उत्तर बंगालात पूर आला तेव्हा राय स्वतः मदतकार्यात उतरले होते, हे सरांनी तिथेच सांगितलं. तुम्ही नुसतं "हं" म्हणालात आणि नळी विसळायला घेतलीत.

आता मुद्द्याचं. सभासदाला रसायनशास्त्राची पदवी हवी, हा नियम आमचाच. लॅब अटेंडंट म्हणून निवृत्त झालेले तुम्ही इतकी वर्षं प्रत्येक बैठकीला आलात, खुर्च्या मांडल्यात, आणि हजेरीच्या वहीत तुमचं नाव एकदाही नाही. मी दोन वर्षं सचिव होतो, मलाही खटकलं नाही, याची लाज वाटते. परवाच्या सभेत ती अट काढून टाकली. विरोधात एकही हात नव्हता. सोबत तुमच्या सभासदत्वाची पावती जोडली आहे. वर्गणी माफ केली असती तर तुम्ही पावती परत केली असतीत, म्हणून वर्गणी पूर्ण लावली आहे. रविवारी येताना आणा.

आणि काकूंना सांगा, कीटली आमच्याच कपाटात आहे. बुडाशी आकडा घातलाय.

आपला,
मंडळाचा माजी सचिव