सुरयांच्या बेटाजवळ भोंगा कशाला?

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळी सुट्टीत मुलांना कुठे न्यावं, यावरच्या आपल्या पुरवणीतल्या लेखात बंदरातल्या पक्षी-सफरीची शिफारस वाचली. आम्ही नुकतेच जाऊन आलो. मी, लेक, जावई आणि दोन नातवंडं. शिफारस योग्यच आहे, पण एका गोष्टीवर मला बोलायचंय.

सुरुवात झकास झाली. जुन्या धक्क्याच्या खांबांवर पाणकावळे पंख पसरून बसले होते. नावाड्याने इंजिन बंद केलं आणि बोट आपसूक वाहत त्यांच्याजवळ गेली. एकही उडाला नाही. "आजी, पाण्यातला पक्षी भिजतो कसा?" नातवाने विचारलं. त्याची वरची पिसं पाणी शोषतात, म्हणूनच त्याला खोल बुडी मारता येते आणि मग असं वाळत बसावं लागतं. जावईबापूंची दहापट मोठं दाखवणारी दुर्बीण बोटीवर नुसती थरथरत होती, माझ्या जुन्या आठपटीच्या दुर्बिणीतून मुलांना नीट दिसत होतं. (हे मी तिथे बोलले नाही.)

पुढे सुरय दिसले, मासे टिपणारे पांढरे समुद्रपक्षी. हवेत जागच्या जागी पंख मारायचे आणि दगडासारखे पाण्यात पडायचे. एक जण मासा न गिळता चोचीत आडवा धरून निघाला. म्हणजे घरी कुणीतरी वाट बघत होतं.

बोटही त्याच्याच मागे निघाली, थेट वाळूच्या बेटापर्यंत, तीही भोंग्यावरून "उजवीकडे बघा, उजवीकडे बघा" करत. अख्खी वसाहत एकदम उठली, आकाश पांढरं झालं आणि बोटीवर टाळ्या पडल्या.

सुरयाचं घरटं म्हणजे वाळूत उकरलेला खळगा, त्यावर ना छप्पर ना आडोसा. भर उन्हात पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब द्यायला नव्हे, सावली धरायला. पोटाची पिसं भिजवून आणून अंडी गारही ठेवतो. तो उठला की अंडी उन्हात उघडी. टाळ्या चालू असतानाच एक कुरव (सीगल) खाली उतरला आणि चोचीत काहीतरी घेऊन गेला. नातीने तो दुर्बिणीतून पाहिला. नंतर ती बराच वेळ गप्प होती.

बेटाजवळ भोंगा बंद ठेवावा, बोट लांबूनच न्यावी आणि पक्षी माना उंचावून ओरडायला लागले की तिथूनच मागे फिरावं, एवढंच माझं म्हणणं आहे. मी हे बोटीवरच्या मुलाला सांगितलं, तर तो म्हणाला, "काकू, लोकांना जवळून फोटो हवे असतात."

घरी येऊन जावयांचे फोटो पाहिले. बेटाचे सतरा, सगळ्यांत पांढरे ठिपके. पाणकावळ्याचा एकच आहे, इंजिन बंद असतानाचा. त्यात त्याच्या डोळ्याचा हिरवा रंगसुद्धा दिसतोय.

आपली,
एक वाचक आजी