आफ्रिकेच्या कापसाला मदत भरपूर, पण फिटर कुठून आणायचा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

2025 च्या ऑगस्टमध्ये केंद्राने कापसावरची 11 टक्के आयात ड्युटी माफ केली, आधी सप्टेंबरपर्यंत आणि मग वाढवून 31 डिसेंबरपर्यंत, तेव्हा आपल्या विदर्भात केवढी बोंब झाली ते सगळ्यांना आठवत असेल. बोंब बरोबरच होती, हंगामाच्या तोंडावर बाहेरची कापसाची गाठ बिनड्युटी आत घ्यायची आणि इथल्याला म्हणायचं हमीभाव क्विंटलला 8110 आहे, सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, लाइनीत उभा राहा, हे काही पटण्यासारखं नाही. त्यावर खूप लिहून झालंय, मी परत तेच लिहीत नाही. पण त्या निर्णयात अजून एका कापूसवाल्याचा खिसा कापला गेला आणि त्याच्याबद्दल मराठीत एक ओळ माझ्या वाचनात आली नाही, म्हणून हे पत्र. तो कापूसवाला मालीतला, बेनिनमधला, बुर्किना फासोमधला.

कसं ते सांगतो. 2008 च्या एप्रिलमध्ये दिल्लीत भारत-आफ्रिका परिषद झाली, तिथे मनमोहन सिंगांनी जाहीर केलं होतं की जगातल्या सगळ्यात गरीब देशांचा माल भारत बिनड्युटी किंवा कमी ड्युटीत घेईल, त्यात कापूस, काजू, कोको असं सगळं होतं. आता कापसावर ड्युटीच नसेल तर या सवलतीला अर्थ काय? अर्थ आला 2021 च्या फेब्रुवारीत, आपण 11 टक्के ड्युटी लावली तेव्हा. म्हणजे अमेरिकेची, ब्राझीलची गाठ 11 टक्के भरणार आणि मालीची शून्य. गरीब देशाला धंद्यात जी मदत म्हणतात ती हीच, भाषण नाही, सेमिनार नाही, सरळ भावात फरक. पण 2022 मध्ये काही महिने सगळ्यांनाच माफी, 2025 मध्ये परत सगळ्यांनाच माफी. मोठ्याला आणि लहानाला एकाच लाइनीत उभं केलं की लहानाला दिलेली सवलत कागदावर तशीच राहते, बाजारात मात्र संपते. आपल्या शेतकऱ्याचंही नुकसान आणि त्यांचंही, फायदा गिरणीवाल्यांचा आणि अमेरिकेच्या व्यापाऱ्यांचा. (गिरणीवाल्यांच्याही अडचणी आहेत, 2025 मध्ये अमेरिकेने 50 टक्के टॅरिफ लावल्यावर ते तरी काय करणार होते, ते मला मान्य आहे.)

मला या लोकांचं एवढं का वाटतं, तर मी त्यांना पाहिलंय. मी हिंगणघाटजवळ एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढून रुई वेगळी करतात त्या कारखान्यात, बरीच वर्षं सुपरवायझर होतो. भारत सरकारने 2012 च्या सुमारास आफ्रिकेतल्या सात देशांसाठी कापसाचा तांत्रिक मदतीचा कार्यक्रम सुरू केला, बेनिन, बुर्किना फासो, माली, चाड, नायजेरिया, युगांडा आणि मलावी. त्यात नागपूरच्या कापूस संशोधन संस्थेत आणि जिनिंग ट्रेनिंग सेंटरमध्ये तिकडची माणसं शिकायला यायची. त्यातलीच एक तुकडी आमच्याकडे जिनिंग बघायला आली. दहा-बारा जण, सोबत फ्रेंच येणारी एक मुलगी दुभाषी म्हणून. मालकाने हार आणले होते, चहा, सामोसे, फोटो, सगळं झालं.

त्यात एक बेनिनचा माणूस होता, वय पन्नासच्या पुढे. तो भाषणाकडे लक्षच देईना, सरळ रुईच्या ढिगाकडे गेला, चिमूटभर रुई घेतली आणि दोन्ही अंगठ्यांच्या मधे धरून ओढत ओढत तंतू सरळ केले, लांबी बघितली, अगदी आमच्या ग्रेडरसारखी. मला हसूच आलं, म्हटलं हा तर आपल्याच बिरादरीतला. मग त्याने विचारलं, रुईचा उतारा किती, म्हणजे शंभर किलो कापसातून रुई किती किलो निघते? मी म्हटलं 33-34, चांगला माल असला तर 35. तो थांबला, दुभाषीला परत विचारलं, मग म्हणाला आमच्याकडे 42 च्या आसपास पडतो. आता सांगा, कोण कोणाला शिकवायला निघालं होतं? त्यांच्या वाणांचा उतारा पहिल्यापासूनच जास्त आहे हे मला नंतर कळलं, तेव्हा मात्र आमची जरा जिरलीच.

पण माझ्या डोक्यात राहिला तो त्याचा दुसरा प्रश्न. डबल रोलर मशीन चालताना बघून तो म्हणाला, हे बंद पडलं तर फिटर कुठून येतो? आम्ही सगळे गोंधळलो, हा काय प्रश्न झाला. कुठून म्हणजे, फोन केला की येतो, नागपूरहून नाहीतर गावातूनच, मोटरसायकलवर, पिशवीत पाने घेऊन. रोलरच्या चामड्याच्या चकत्या झिजल्या की त्या बदलून देतो, चाकूचं सेटिंग करतो, चहा पितो, पैसे घेतो, जातो. तो म्हणाला आमच्याकडे असा माणूस नाही, पार्ट बंदरावर उतरतो आणि तिथून यायलाच कित्येक आठवडे जातात, तोवर कापूस उघड्यावर. आणि बेनिनला निदान स्वतःचं बंदर तरी आहे, माली, बुर्किना आणि चाडला तर समुद्रच नाही, गाठीसुद्धा शेजारच्या देशातून ट्रकने न्याव्या लागतात. जाताना त्याने आमच्या फिटरचा नंबर डायरीत लिहून घेतला, खरंच घेतला.

आता जागतिक पातळीवर बघा. 2005 च्या डिसेंबरमध्ये हाँगकाँगला डब्ल्यूटीओची, म्हणजे जागतिक व्यापार संघटनेची, परिषद झाली, तिथे एड फॉर ट्रेड नावाचा प्रकार सुरू झाला, म्हणजे गरीब देशांना नुसता बाजार उघडून देऊन भागत नाही, रस्ते, बंदर, लॅब, कस्टमची माणसं हेही उभं करायला पैसे द्यायचे. विचार एकदम बरोबर आहे. 2006 ते 2020 मध्ये या नावाखाली 500 अब्ज डॉलरच्या वर रक्कम वाटली गेली, आकडा वाचून डोळे फिरतात. पण यात काय काय धरतात बघा, वीज प्रकल्प, हायवे, बँकिंग, शेती, सगळंच यात. सगळ्यात गरीब देशांसाठी वेगळी अशी जी जिनेव्हाची (डब्ल्यूटीओचं ऑफिस तिथे आहे) योजना होती तिच्यात पैसे त्या मानाने चिल्लर, आणि तिथे आधी प्रत्येक देशाचा जाडजूड अभ्यास अहवाल बनवायचा मग प्रकल्प. अहवाल लिहिणारा कन्सल्टंट बाहेरचा, पैसे त्याचे आधी. आपल्याकडे दुष्काळाच्या पाहणीला केंद्राचं पथक येतं ना, पीक वाळून गेल्यावर, तसंच आहे हे.

आणि मदतीचा खरा विनोद पुढे आहे. 2003 च्या जूनमध्ये बुर्किना फासोचे अध्यक्ष ब्लेझ कोंपाओरे स्वतः जिनेव्हाला जाऊन सांगून आले की आम्हाला भीक नको, अमेरिका आणि युरोप त्यांच्या कापूसवाल्यांना जी सबसिडी देतात ती बंद करा, आमचा कापूस स्वस्तच आहे, आम्ही विकून खाऊ. बेनिन, बुर्किना, चाड, माली या चौघांचा गट झाला, त्याला कॉटन फोर म्हणतात. वीस वर्षांहून जास्त झाली, निर्यातीवरची सबसिडी बंद झाली हे खरं, पण देशातल्या देशात देतात तो मुख्य आकडा अजून चर्चेतच आहे. मधल्या काळात ब्राझीलने अमेरिकेवर केस टाकली, 2005 मध्ये जिंकली आणि 2014 मध्ये 30 कोटी डॉलर घेऊन केस मिटवली. त्याच केसमध्ये बेनिन आणि चाड त्रयस्थ पक्ष म्हणून बसले होते, त्यांना काय मिळालं तर निकालाची कॉपी. ब्राझीलकडे वकील लावायला पैसा होता आणि उलटून टॅरिफ लावायची ताकद होती, चाडने अमेरिकेवर काय टॅरिफ लावायचा? तिला कळणार तरी का?

सबसिडीच्या यादीत आपलंही नाव निघतं बरं. 2018 मध्ये अमेरिकेने डब्ल्यूटीओत आक्षेप घेतला होता की भारत कापसाला हमीभावातून मर्यादेबाहेर मदत देतो. माझं मत विचाराल तर पाच एकरवाल्याचा हमीभाव आणि टेक्सासच्या हजार एकरवाल्याचा चेक एका तराजूत तोलणं हा चावटपणा आहे. पण बेनिनचा माणूस समोर बसला असताना आपण अगदी सोवळ्यात आहोत असंही बोलू नये.

सध्या बेनिनने कोटोनूजवळ ग्लो-जिग्बे नावाची मोठी औद्योगिक वसाहत काढली आहे, तिथे कापसाचं सूत आणि कपडे करायला घेतलेत. 2024 मध्ये डब्ल्यूटीओ आणि फिफा, हो फुटबॉलवाली फिफाच, दोघांनी मिळून पश्चिम आफ्रिकेत कापसावर प्रक्रिया वाढवायला एक भागीदारी जाहीर केली, जर्सी तिकडच्या कापसाच्या शिवाव्या वगैरे. चांगलं आहे. दुसऱ्या बाजूला 2025 मध्ये अमेरिकेने यूएसएड ही परदेशांना मदत देणारी आपली सरकारी संस्थाच बंद करून टाकली, म्हणजे जी मदत होती तीही गेली.

माझं म्हणणं एवढंच की आपण जे देऊ शकतो ते डॉलर नाहीत, फिटर आहे. नागपूर-अमरावतीकडच्या आयटीआयमधून जिनिंगचा वर्षभराचा कोर्स करून तिकडची पन्नास पोरं शिकवा, परत जाताना पार्टची पेटी सोबत द्या, तिकडच्या एखाद्या बंदराजवळ पार्टचं गोदाम काढा, मशिनी तशाही आपल्याकडच्या कंपन्या आफ्रिकेत विकतातच, त्यांचाही धंदा वाढेल. दहा दिवसांच्या ट्रेनिंगचं सर्टिफिकेट घेऊन माणूस जातो आणि तिकडे मशीन तसंच बंद असतं, त्याला ट्रेनिंग नाही सहल म्हणतात. आणि ड्युटी माफ करायचीच वेळ आली तर आधी हिशेब करा की आपण ज्याला सवलत दिली होती त्याची किती उरली.

आपल्या दिल्लीच्या प्रतिनिधीला एक विनंती आहे, त्या माफीच्या चार-साडेचार महिन्यांत कोणत्या देशाच्या किती गाठी आल्या, माली-बेनिनच्या किती आणि अमेरिका-ब्राझीलच्या किती, हे वाणिज्य मंत्रालयाकडून काढून छापा. आम्हाला इथे बाजारात कोणी सांगत नाही. सरकीच्या ढेपीच्या भावाबद्दल वेगळं पत्र लिहितो, ते इथे घातलं तर तुम्ही छापणार नाही.

आपला,
एक निवृत्त जिनिंगवाला
हिंगणघाट, जि. वर्धा