नेटवर्क कक्षातल्या ताईंना

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे मुद्दाम लिहीत नाही. लिहिलं तर उद्यापासून अख्खं वसतिगृह थेट तुमच्याच टेबलापुढे रांग लावेल. आभार मात्र चारचौघांतच मानायचे होते, कारण विद्यापीठाच्या वाय-फायबद्दल चारचौघांत आजवर फक्त तक्रारीच ऐकू आल्या आहेत.

माझं प्रकरण तुम्हाला आठवत असेलच. फोन वाय-फायवर मजेत चाललेला आणि त्याच खोलीत, त्याच युजरनेम-पासवर्डवर लॅपटॉप मात्र 'या नेटवर्कशी जोडता येत नाही' एवढंच सांगून मोकळा. प्रबंधाचं सगळं काम त्या लॅपटॉपवर. तुमच्याकडे येईपर्यंत उपाय सांगणाऱ्यांची काही कमी नव्हती: नेटवर्क 'फर्गेट' कर, ड्रायव्हर पुन्हा टाक, विंडोजच नव्याने टाक. एकाने तर 'सर्टिफिकेट (म्हणजे सर्व्हरचं डिजिटल ओळखपत्र) तपासणं बंद कर, लगेच लागतं' असाही मंत्र दिला होता.

तुम्ही आधी लॅपटॉपला हातच लावला नाहीत, नुसतं विचारत राहिलात. "नेटवर्कचं नाव दिसतं का? पासवर्ड मागतो का? दिल्यावर लगेच नाकारतो की बराच वेळ फिरत राहतो? जोडलं गेल्यावर पत्ता मिळतो का?" मला वाटलं, हा अर्ज भरून घेण्याचा प्रकार आहे. मग तुम्ही समजावलंत आणि प्रत्येक प्रश्नामागे वेगळा बिघाड असतो हे कळलं. नावच दिसत नसेल तर सिग्नलचा प्रश्न, किंवा जुन्या वाय-फाय कार्डाला 5 गिगाहर्ट्झचा लहरींचा पट्टा दिसतच नाही. नाव दिसतं पण आत घेत नाही, म्हणजे ओळख पटवणाऱ्या सर्व्हरपाशी काहीतरी अडलंय. जोडलं गेलं पण आयपी पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा मशीनचा क्रमांक, 169.254 ने सुरू होतोय, म्हणजे नेटवर्ककडून पत्ता मिळालाच नाही आणि मशीनने स्वतःच एक ठोकून दिलाय. पत्ता बरोबर आहे पण पानं उघडत नाहीत, तर डीएनएस (वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) बघा, नाहीतर चालू राहिलेलं व्हीपीएन, म्हणजे सगळी ये-जा दुसऱ्याच सर्व्हरमार्गे वळवणारं सॉफ्टवेअर. 'वाय-फाय चालत नाही' या एका वाक्यात आम्ही हे सगळं कोंबून तुमच्याकडे येतो, आणि वर लवकर करा म्हणतो.

माझी गाडी दुसऱ्या टप्प्यावर अडली होती. तेव्हा तुमची नजर स्क्रीनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात गेली आणि तुम्ही म्हणालात, "ही तारीख बघ." तिथे कित्येक वर्षांपूर्वीची 1 जानेवारी होती! बोर्डावरचा नाण्याएवढा सेल संपला होता, त्यामुळे बॅटरी पुरती उतरली की लॅपटॉपचं घड्याळ थेट मागे जायचं. सर्व्हर आपली ओळख म्हणून जे सर्टिफिकेट दाखवतो त्यावर 'या तारखेपासून या तारखेपर्यंत वैध' असं असतं. माझ्या लॅपटॉपच्या हिशोबाने ते सर्टिफिकेट अजून जन्मालाच यायचं होतं, मग तो त्यावर विश्वास कसा ठेवणार? आणि त्यातली गंमत अशी की घड्याळ आपोआप दुरुस्त व्हायला इंटरनेट हवं, आणि इंटरनेट मिळायला घड्याळ बरोबर हवं. तुम्ही 'वेळ आपोआप लावा' हे बटण बंद केलंत, तारीख आणि वेळ हाताने घातलीत, पुन्हा जोडलंत. सर्टिफिकेटची चौकट वर आली, तेव्हा त्यावरचं सर्व्हरचं नाव तुमच्याकडच्या छापील कागदावरच्या नावाशी अक्षर-अक्षर ताडून बघायला लावलंत आणि मगच 'कनेक्ट' दाबू दिलंत. बटण पुन्हा चालू करायलाही विसरला नाहीत.

त्या ताडून बघण्यासाठी खास आभार. सर्टिफिकेट न तपासता जोडून दिलं असतंत तर तुमचा वेळ वाचला असता आणि मीही खूश होऊन गेले असते. पण नेटवर्कला तेच नाव देऊन शेजारच्या बाकावर कुणीही ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पुरवणारा डबा, लावू शकतो, आणि तपासणी बंद असलेलं मशीन त्याच्यापुढेही निमूटपणे ओळखपत्र काढून ठेवतं. आपल्याकडे ज्या एमएस-चॅप पद्धतीने पासवर्ड पडताळला जातो, ती हमखास फोडता येते हे मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन या सुरक्षा-संशोधकांनी 2012 मध्येच दाखवून दिलंय. म्हणजे सगळी भिस्त समोरचा सर्व्हर खरा असण्यावर. त्याच पासवर्डने माझे निकाल आणि ईमेल उघडतात. अँड्रॉइडने 2020 च्या अखेरीस सर्टिफिकेट 'तपासू नका' हा पर्याय काढायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या मजल्यावर किती आदळआपट झाली असेल याची कल्पना करवते.

एज्युरोमचंही, म्हणजे आपल्याच युजरनेम-पासवर्डवर इतर विद्यापीठांतही चालणाऱ्या वाय-फायचंही, असंच. इथे नुसतं युजरनेम टाकलं तरी चालतं, तरी '@' आणि पुढचा विद्यापीठाचा पत्ता यांसकट पूर्ण लिही, असा तुमचा हट्ट. तेव्हा उगाचच वाटला होता. नंतर परिषदेसाठी दुसऱ्या विद्यापीठात गेले, तर सभागृहात पोचेपर्यंत लॅपटॉप आपला आपण जोडलेला! माझी विनंती तिथल्या सर्व्हरने '@' च्या पुढचं वाचून आपल्या विद्यापीठाकडे पाठवली, पासवर्ड इथेच तपासला गेला, आणि तिकडे फक्त 'हो' पोचलं. बरोबरच्या एका मुलीचं नुसत्या युजरनेमने लागेना. मी तिला '@' ची गोष्ट सांगितली आणि तेवढ्यापुरती तज्ज्ञ म्हणून मिरवलेसुद्धा.

माझ्या रूममेटच्या छोट्या राउटरबद्दलही तुम्ही जाता जाता बोलला होतात. 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यामध्ये 1, 6 आणि 11 हेच तीन चॅनेल (पट्ट्यातल्या मार्गिका) एकमेकांच्या पायात येत नाहीत, आणि तिचा राउटर 3 वर बसून मजल्यावरच्या दोन्ही बाजूंना त्रास देत होता. तिने तो आता बंद ठेवलाय. रुसून, पण ठेवलाय.

लॅपटॉपचा सेल बदलून घेतलाय. एक विनंती मात्र आहे. कक्षाबाहेर वाय-फाय जोडण्याच्या सूचनांचं जे पत्रक लावलंय, त्यात पासवर्डच्याही आधी 'मशीनवरची तारीख, वेळ आणि टाइम झोन बघा' अशी एक ओळ घालता येईल का? मजकूर मी टाइप करून देते, तुम्ही फक्त सर्व्हरचं नाव बरोबर आहे ना ते तपासा.

तुमची,
वसतिगृहातली एक संशोधक विद्यार्थिनी