पहिलीतल्या मुलांची स्पेलिंगची घोकंपट्टी

महोदय,

माझी नात पहिलीत आहे. शाळेने तिला ‘स्कॉलर बॅच’मध्ये घेतले आणि दर सोमवारी वीस इंग्रजी शब्दांचे डिक्टेशन सुरू झाले. त्यात ‘नाइफ’, ‘आयलंड’, ‘फिजिशियन’! उच्चाराशी न जुळणारी अक्षरे सहा वर्षांच्या मुलीने निव्वळ घोकायची. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानाचे पायाभूत वाचन-लेखनाचे उद्दिष्टसुद्धा तिसरीअखेरचे आहे. मी आयुष्यभर पहिलीला शिकवले. भरपूर गोष्टी ऐकलेली मुले शब्द सहज उचलतात, बिनचूक लेखन मागून येते. अंगणातल्या गोगलगायीबद्दल नात मला सलग पाच मिनिटे सांगते, त्याला मात्र गुण नाहीत. हुशार मुलांना जास्तीचे द्यायचेच तर गोष्टींची पुस्तके द्या, त्यांना बोलू द्या. आणि चुकलेला शब्द दहादा लिहायची शिक्षा आधी बंद करा.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा